डोंगरावरच्या बैठका

पुसद, ११ नोव्हेंबर २०२४

बादल,

कागद मिळाले. जिथे जिथे सही हवी तिथे वकिलांनी पेन्सिलीने फुली मारून दिली आहे, म्हणजे बाकीचं वाचायची गरज पडू नये. मी तरी सगळं वाचलं. सही अजून केलेली नाही. पण हे पत्र त्याबद्दल नाही.

मग कशाबद्दल आहे, हे ठरवण्यात कालची संध्याकाळ गेली. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघंही "बाकी?" असं आळीपाळीने विचारत राहतो आणि बाकी काही निघत नाही.

तर, काम असं आहे. जिल्ह्यातल्या डोंगरांची लोकांच्या तोंडची नावं गोळा करून त्यांचे नकाशे करायचं काम आमच्या कॉलेजकडे आलंय. मार्चअखेर पाठवायचे आहेत. भूगोल विभागात आम्ही भाग वाटून घेतले आणि फुलसावंगीच्या वरचा डोंगर माझ्या वाट्याला आला. हे वाक्य खरं नाही. तो मी मागून घेतला.

तू त्याच्या एका बाजूला वाढलास, मी दुसऱ्या. शाळेच्या नकाशात ती सगळी अजिंठ्याची रांग. मोठ्या सरकारी नकाशात आपल्या डोंगरावर नुसता उंचीचा आकडा आहे, नाव नाही. आमच्या मोहदरीतून तो गोठ्यात बसलेल्या बैलासारखा दिसतो, म्हणून आम्ही त्याला बश्या म्हणतो. तुमच्या तांड्यावर जाऊन मी आईंना, तुझ्या याडीला, विचारलं, तर म्हणाल्या, "डुंगर."

"डोंगर तर सगळेच, याडी. याचं नाव काय?"

जणू त्यांच्याच हाताचं नाव विचारलं, अशा त्या बघत राहिल्या. "आंगाले कोनी नाव ठेवते का वं? बोटाले असते. आंगठा, करंगळी. तशे याचे हायेत."

आणि त्यांनी अंगणातूनच बोट करून नावं सांगायला सुरुवात केली. हंसारी बैठक. धनीरी बैठक. सोनीरी, केसरी, पुन्हा एक धनीरी. 'री' म्हणजे 'ची' एवढं मला कळत होतं. बाकीचं तुला ठाऊक आहे का, हे मला खरोखर माहीत नाही. पुरुषांना सांगत नाहीत असं नव्हे. पुरुष विचारत नाहीत, असं त्या म्हणाल्या.

नवी नवरी तांड्यात आली की सासू तिला पायी डोंगरावरच्या देवीला न्यायची. वाटेत नवरीने थांबू या म्हणायचं नाही आणि सासूने बस म्हणायचं नाही. चढता चढता दम संपून ती जिथे आपणहून खाली बसेल तिथे सासू गडव्यातलं पाणी ओतायची आणि तिचं नाव मोठ्याने घ्यायची. ती तिची बैठक. तेवढी जागा मग जन्मभर तिच्या नावाने ओळखायची. गुरं हरवली, लाकडं ठेवली, पोर झोपवलं, सगळं अमकीच्या बैठकीपाशी. सारा उतार असा बायकांनी भरलेला आहे. मागच्या अंगाने देवीपर्यंत डांबरी रस्ता झाला, नवऱ्या जीपने जायला लागल्या, आणि नावं पडायची थांबली.

तू लहानपणी गुरं घेऊन जायचास. तेव्हा कोणती नावं घ्यायचात, आठवतील तेवढी कळव. कामासाठी हवी आहेत.

आईंची तब्येत बरी. गुडघा दुखतो. मी दारात पोचले की त्या आधी माझ्या मागे बघतात. "आयो कोनी?" मी म्हणते, सुट्टी नाही मिळाली त्याला.

समीक्षा


पुसद, २२ डिसेंबर

बादल,

नावं आली नाहीत. हरकत नाही, चाकणला काम खूप असेल.

आज शेजारच्या हंसाबाई अंगणात येऊन बसल्या होत्या. मी नकाशाचा कच्चा कागद खाटेवर पसरला. त्यावर हंसारी बैठक डोंगर सुरू व्हायच्याही आधी, तुझ्या बाबुलालदादाच्या तुरीच्या बांधावर, धुऱ्यावरच आहे. याडी हसायलाच लागल्या.

"हे तं डुंगर पाह्यल्याबरोबरच बसली!"

"मंग? माह्या डोक्यावर देवीचे चार भांडे होते," हंसाबाई म्हणाल्या. "तू आली हात हालवत."

"हात हालवत? दोन गोधड्या होत्या माह्या डोक्यावर. अन् बसलो कुठं? पार वरतं, सालईखाली!"

"मास्तरणी, तू हे लिहून नको घेऊ. खालतंच बसली होती हे. सासूनं गडव्याचं फडकं सोडलं तं टुनकन उठून चालाले लागली. म्हने, बसलो नाही, काटा काढून राह्यलो होतो. लई लबाड!"

"पाहाले कोन होतं तिथं? तू? तू तं धुऱ्यावर झोपली होती!"

हे भांडण पन्नासेक वर्षं तरी चालू असावं. दोघींनी नंतर एकाच ताटलीतले शेंगदाणे खाल्ले. याडींची, म्हणजे जमनीरी बैठक मी वरच्या सालईखालीच दाखवली आहे. साक्षीदार सासू आता उरलेली नाही. पण मी ती खूण जिच्या जिच्याकडून ऐकली त्यात याडी एकट्याच नव्हत्या, हे पुन्हा तपासून पाहिलं. आपल्या माणसाच्या बाजूने नकाशा झुकायला नको. 'आपल्या' हा शब्द लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. राहू दे.

मग हंसाबाईंनी सहजच विचारलं, "अन् हिची कुठं?"

याडी ताटलीतली टरफलं गोळा करायला लागल्या. तुला आठवतं, यवतमाळला लग्नाची नोंदणी करून आलो आणि दुसऱ्या दिवशी तू मित्राची जीप आणलीस. देवीच्या पायरीपर्यंत गाडी. तुझी आई मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याचा गडवा घट्ट धरून. तो गडवा कशाला, हे मी तेव्हा विचारलं नाही. वळणावर पाणी माझ्या साडीवर सांडलं आणि आपण दोघं हसलो.

"गाडीत बसून आली," याडी हंसाबाईंना म्हणाल्या. "गाडीत बसलं ते काय बसनं हाये?"

निघताना त्या मला पांदणीपर्यंत सोडायला आल्या. गुडघा दुखत असताना. म्हणाल्या, "होळीच्या आधी येजो. चालून जाऊ. माहे पाय हायेत तवर."

मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. बसमध्ये मात्र सगळा वेळ हेच डोक्यात होतं. कागदांचं त्यांना माहीत नाही. सांगणं तुझं काम आहे, असं मला वाटतं. पण त्यांनी माझं नाव घेऊन पाणी ओतावं आणि महिन्याभराने मी त्यांची कोणी नसावं, हे बरोबर होईल का? उलट, मी नाही म्हटलं तर त्यांना काय कारण देऊ? आणि सगळ्यात खालची गोष्ट, जी मी तुला सांगू नये: मला ती जागा हवी आहे.

तू एवढंच लिही, आईंना तू सांगतोस की मी सांगू. आणि मी जाऊ की नको.

समीक्षा


पुसद, १७ जानेवारी २०२५

बादल,

तुझा मेसेज आला. "तुला योग्य वाटेल ते कर." मी तो मनातल्या मनात वेगवेगळ्या आवाजात वाचून पाहिला. एका आवाजात त्यात माया होती. एका आवाजात तू मीटिंगमध्ये होतास. खरं कोणतं, हे तुला तरी सांगता येईल का, मला शंका आहे. आपलं भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. त्याला तारीख असती. आपण फक्त हळूहळू दोन गावचे झालो.

संक्रांतीला मोहदरीला गेले होते. आईने (माझ्या) तिळगूळ हातावर ठेवला आणि लगेच सुरू झाली.

"नवरा तिकडं चाकनले, अन् तू सासूच्या डोंगरावर कायले चढून राह्यली दर आयतवारी?"

"नकाशाचं काम आहे."

"नकाशाचं काम वर्षाचं असते का वं? आम्ही या बाजूनं बश्याले रोज पाह्यतो. त्याचा नकाशा मी तुले एका मिनिटात काढून देतो." आणि तिने ताटातल्या साखरेत बोटाने बैलाची पाठ काढून दाखवली. अगदी हुबेहूब होती.

आई म्हणाली त्यात "दर आयतवारी" खरं आहे. मी तुला कामासाठी गेले असं लिहिलं होतं. नावं दिवाळीच्या आसपासच जवळजवळ पूर्ण झाली होती. त्यानंतर मी जाते, भाजी निवडते, त्यांच्या गुडघ्याला तेल लावते, आणि नकाशाचा कागद उगीच सोबत नेते. विचारलं कोणी तर दाखवायला.

या दिवसांत इथे सकाळी धुकं असतं. मी टेबलाशी बसते, नकाशावर उंचीच्या रेषा एकात एक गुंतलेल्या, त्यांच्यावर शिसपेन्सिलीने लिहिलेली नावं. बघता बघता रेषा विरतात आणि प्रत्येक नावाच्या जागी एक बाई बसलेली दिसते. सगळ्या एकदम. कोणी पाय पसरून, कोणी गुडघ्यात डोकं घालून, कोणी डोक्यावरचं ओझं न उतरवताच. सगळ्या धापा टाकताहेत आणि सगळ्यांची तोंडं तांड्याकडे. एवढ्या बायका बसलेल्या असूनही डोंगरावर आवाज नाही. फक्त श्वास. मग खाली कोणी रिक्षा चालू केली की पुन्हा रेषा.

मी तिथे स्वतःला शोधते. सापडत नाही, हे बरोबरच आहे. पण मी शोधते, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

आईंना तू अजून सांगितलं नाहीस, असं त्यांच्या बोलण्यावरून दिसतं. मी वाट पाहते आहे. होळी मार्चच्या मध्यावर आहे.

समीक्षा


पुसद, ९ मार्च

बादल,

आज गेलो होतो. जसं झालं तसं लिहिते, म्हणजे पुढे मला ते बदलता येणार नाही.

सकाळीच निघालो. याडींच्या एका हातात काठी, दुसऱ्यात गडवा, त्याच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं. मी मागितला तर दिला नाही. हंसाबाई दारातून ओरडल्या, "धुऱ्यावर बस वं मास्तरणी, मले सोबत होईल!" धुऱ्यावर मी बसले नाही. तिथे दमही लागला नव्हता.

पळस फुलून विझत आलेला. उन्हात तो धुरकटपणा होता ज्यात डोंगर जमिनीवर टेकलेला वाटत नाही, जरा वर तरंगतो. याडी दर थोड्या वेळाने काठीवर टेकून उभ्या राहायच्या आणि वाटेतल्या बैठका दाखवायच्या. मी नकाशावर सगळ्या बरोबर लावल्या होत्या, तरी तिथे उभं राहिल्यावर वेगळं वाटलं. कुठे सपाट दगड. कुठे काहीच नाही, नुसतं गवत. म्हणजे ती बाई खरंच आणखी एक पाऊलही टाकू शकली नसणार.

तेंदूच्या झाडापाशी माझे पाय थरथरायला लागले. मी फांदी धरली. याडी माझ्याकडे न बघता फडक्याची गाठ सोडायला लागल्या, आणि मला कळलं की आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही.

"याडी, बादलने कागद पाठवलेत. आमचं मोडतंय."

त्यांनी गाठ सोडून फडकं खांद्यावर टाकलं. पाण्यात बघितलं. मग म्हणाल्या, "बस."

"सासूने म्हणायचं नसतं ना?"

"मी नाही म्हनलं. माह्या गुडघ्यानं म्हनलं." आणि त्या स्वतः एका दगडावर टेकल्या.

मी म्हटलं, मी तुमची सून राहणार नाही, आणि पाणी ओतून घेतलं तर ते खोटं होईल. नीट जुळवून आणलेली वाक्यं होती. तीन महिने मनात घासूनपुसून ठेवलेली. तिथे ती फार पातळ वाटली.

"तू थकली का नाही?"

"थकले."

"थकलं का मानूस बसते. त्यात बादल कुठून आला?"

  पण मी बसले नाही. फांदी धरून उभी राहिले. पाय इतके कापत होते की तेंदूची पानं वाजत होती. वर, खाली, सगळीकडे त्या बसलेल्या बायका, आणि त्यांच्यामध्ये मी एकटी उभी. सावली दगडावरून सरकून याडींच्या पायावर आली. त्या वाट पाहत होत्या. मीही वाट पाहत होते, बहुतेक माझ्याच गुडघ्यांची. ते आपणहून दुमडले असते तर माझी काही हरकत नव्हती. दुमडले नाहीत.

शेवटी याडींनी गडवा उचलला आणि सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं. रिकामा गडवा उपडा करून झटकला. "चाल," म्हणाल्या.

देवीपर्यंत गेलोच नाही. उतरताना त्या पुढे, मी मागे. हंसाबाईंनी विचारलं, "कुठं बसली?" याडी म्हणाल्या, "नाही बसली," आणि घरात गेल्या. मी पांदणीने एकटी खाली आले.

तुझ्या आईला ही गोष्ट माझ्या तोंडून कळली. तू रागावशील तर रागाव. मी खरं वागले असं सारखं स्वतःला सांगते आहे, आणि दर वेळी मला त्यांनी घटाघटा प्यायलेलं ते पाणी दिसतं.

समीक्षा


पुसद, ५ एप्रिल

बादल,

नकाशा मार्च संपता संपता पाठवला. त्यानंतर तांड्यावर न्यायला माझ्याकडे कागदही उरला नाही. होळी झाली तरी मी गेले नाही. एका रविवारी तर फुलसावंगीला उतरून समोरच्याच बसने परत आले.

परवा पुन्हा गेले. बाजाराचा दिवस होता. तांड्याच्या वाटेला लागायचं धाडस होत नव्हतं म्हणून मी बाजारातच फिरत होते. चिंच घेतली. नको असलेली दोरी घेतली. दोरीवाल्याच्या पलीकडे बाबुलालदादा कोणाला तरी विचारत होते, "माही काबरी बकरी पाह्यली का बे कुठं?"

"पाह्यली ना. सकाळी उभ्या मास्तरणीपाशी होती."

"वरतं मोहाकडं का खालतं?"

"खालतं. तेंदूच्या आंगानं."

"मंग येते ते आपल्या पायानं," दादा म्हणाले आणि विडी काढली. तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. विडी पुन्हा खिशात गेली. "राम राम, वयनी."

मी विचारलं, "हे नाव कोणी ठेवलं?"

ते ओशाळले. "ठेवलं कायचं. काकीनंच सांगतलं. मास्तरीन तिथं उभी राह्यली तं राह्यली, पाय लटलट कापून राह्यले पन बसाचं नाव नाही. सारा तांडा हासला. मंग पडलं तसंच. राग नका मानू."

"का बसले नाही, ते सांगितलं का काकींनी?"

"नाही बा. ते काहून विचारीन कोनी?"

मी तिथे चिंचेची पिशवी धरून होते. इतकी वर्षं मी मुलांना शिकवते की नाव ठेवावं लागत नाही, ते वापरून पडतं. परीक्षेत हे लिहिलं की पूर्ण गुण देते. दोन माणसं हरवलेल्या बकरीबद्दल बोलताना ते पडलेलं ऐकलं, तेव्हा काय वाटलं ते लिहिता येत नाही. छातीत कोणीतरी दम टाकून खाली बसल्यासारखं झालं, एवढंच म्हणते.

नकाशात ते नाव नाही. कळवून भरता आलं असतं. कळवणार नाही. माझं मीच तिथे लिहिलं असं व्हायला नको, आणि बकरी शोधायला कोणी तो नकाशा उघडणारही नाही.

मग वर गेले. याडी अंगणात टोपलीच्या काठाला चिंध्या गुंडाळत होत्या. माझ्या मागे त्यांनी बघितलं नाही. माझ्याकडेच बघितलं. "चिंच आनली? आन इकडं." बस्स, एवढंच. तुझ्याबद्दल रात्री जेवताना स्वतःहून बोलल्या. काय बोलल्या ते तुझं आणि त्यांचं आहे. तू फोन कर, त्या उचलतील.

कागदांवर सह्या केल्या. पेन्सिलीच्या सगळ्या फुल्यांवर. सोमवारी रजिस्टर पोस्टाने निघतील. इतके दिवस का ठेवले होते, याचं कारण आता मला कळतं, आणि तुलाही कळलं असेल. त्याबद्दल मला लाज वाटत नाही. 

आणखी एक. मी तुला जाऊ की नको असं विचारलं होतं. आता विचारत नाही, कळवते. रविवारी मी तांड्यावर असते. तुझी आई मला काय म्हणून बोलावते, मी तिला काय म्हणून हाक मारते, हे आमचं आम्ही बघू.

उद्या पहाटे मोह वेचायला जायचंय. फुलं टपटपायला लागली आहेत, खाली तांड्यापर्यंत वास येतो. अंधारात मला झाड सापडावं म्हणून परवाच मी विचारलं, याडी, नक्की कोणत्या झाडाखाली येऊ? त्या टोपलीतून मान वर न करता वैतागल्या.

"अवं, तुह्याच वरचं!"

समीक्षा